दादाच्या तापाचे आकडे

दादाला डॉक्टरकडे नेऊन आणल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी आगाशीहून वहिनींचा फोन आला. "हे उठत नाहीत," एवढंच म्हणाल्या. मी बोळिंजहून पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं... दादा माझा चुलतभाऊ, सहा वर्षांनी मोठा. केळी-मोगऱ्याची वाडी एकट्याने सांभाळायचा. त्याला जाऊन आज चाळीस दिवस झाले.

गावात म्हणतात, डॉक्टरीणबाईंनी घरी पाठवला म्हणून गेला. ते खरं नाही. छातीत दुखतं म्हणून त्याला माणिकपूरला मीच नेलं होतं. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज निघाली. बाईंनी घाई केली नाही. सोनोग्राफीत आवरणात साठलेलं पाणी जेमतेम होतं, रक्त पातळ करायची गोळी चालू नव्हती. मग त्यांनी विचारलं, "घरी ताप आला होता? शंभर-एकशे एकच्या वर? आला असेल तर दाखल करून कारण शोधावं लागेल. नसेल तर गोळ्या घ्या, घरी आराम करा, आठवड्याने दाखवा. दम लागला तर मात्र लगेच या."

"ताप नाही," दादा म्हणाला. मोगऱ्याचा तोडा चालू होता, त्याला राहायचं नव्हतं. तापाची गोळी त्याने रिक्षातच घेतली होती. माझ्या खिशात त्याच्या तीन दिवसांच्या तापाचा, मी मोजून लिहिलेला कागद होता : १०१.२, १०१.८, १०२. मी खिशात हात घातला, तेवढ्यात तो म्हणाला, "याचं मनावर घेऊ नका बाई. हा टाकीतलं पाणीसुद्धा पट्टीने मोजतो." बाई हसल्या. मीही हसलो... आणि हात रिकामाच बाहेर काढला. आयुष्यभर लोकांच्या आकड्यांतल्या चुका काढल्या. त्या दिवशी बरोबर आकडे खिशात ठेवून बसलो, कारण चारचौघांत थट्टा झाली.

धोका कमी, असं बाईंनी लिहिलं. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून ते बरोबरच होतं. ताप कळला असता तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. पण दाखल झाला असता, आणि पाणी वाढताना कुणाला तरी दिसलं असतं. घरी दम लागायला लागला तेव्हा तो वहिनींना म्हणाला, "आठवड्याने जायचंच आहे ना."

दहाव्याला मामा म्हणाले, "आजकालच्या डॉक्टरांना काही कळत नाही." मी मान डोलावली.

आडवं झालं की दुखायचं, म्हणून शेवटचे दिवस त्याने ओटीवर बसूनच काढले, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकून. त्या दोन खुर्च्या अजून तशाच आहेत. मी गेलो की वहिनी त्यातलीच एक पुढे करतात, चहा देतात आणि म्हणतात, "तुम्ही होतात म्हणून निदान डॉक्टरकडे तरी गेले." त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. हे ज्यात छापून येणार आहे, ती वर्तमानपत्राची पुरवणी त्यांच्याकडे रविवारी सकाळी येते.