एका रंध्याच्या मागे उल्हासनगरपर्यंत

लोक लेहला जातात, स्पितीला जातात आणि आल्यावर ब्लॉग लिहितात. मी गेलो होतो बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून उल्हासनगरला. स्कूटरवरून, जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर, मुक्काम शून्य. तरीही माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास कोणता असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगतो. हत्यारांवर लिहायला लागल्यापासून वाचक मला विचारतात की जुनी युरोपियन हत्यारं स्वस्तात कुठे मिळतात. तर स्वस्तात मिळालेल्या एका हत्याराचीच ही गोष्ट आहे.

नव्वदीची सुरुवात. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला होतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची कामं कागदावर आखायचो. हातात काही नसायचं, म्हणूनच बहुधा हत्यारांचा नाद लागला. तेव्हा जुन्या गिरण्या आणि वर्कशॉपं मोडीत निघत होती. त्यातला माल बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरच्या भंगारात यायचा आणि किलोवर विकला जायचा. इंग्लंडातल्या शेफिल्डची लाकूड कोरायची पटाशी आणि मोडक्या पंख्याचं पातं, भाव एकच. ज्याला डोळा आहे त्याचं नशीब उघडायचं. आपल्याला डोळा आहे अशी माझी ठाम समजूत होती. माझा डोळा काय करायचा? हत्यार उचलायचं, छाप शोधायचा. जर्मनी, इंग्लंड, स्वीडन, यांपैकी काही दिसलं की पिशवीत. नाही दिसलं की खाली.

असे अकरा रंधे मी बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर टांगले होते. रविवारी तेल लावून पुसायचो. लाकडाला मात्र एकही लावलेला नव्हता. खरवडले गेले तर?

त्या वर्षी पावसात आमचं पुढचं दार फुगलं ते दिवाळी आली तरी उतरणार नाही अशी लक्षणं होती. सुनंदा म्हणजे माझी बायको. ती रोज म्हणायची, "अहो, घरात अकरा रंधे आणि दार लाथ मारून लावायचं. लोकांना सांगायचं तरी कसं?"

मग मी बदलापूर गावातल्या धर्मा मिस्त्रींना बोलावलं. वडिलोपार्जित सुतार, हात सोन्याचा. त्यांनी दार पाहिलं, भिंत पाहिली आणि भिंतीपुढे हात जोडले. "साहेब, तुमी तर आमच्यातलेच की! मना एका लग्नघरचं काम हाय, चार दिस वेळ नाय. फुगल्या दाराला माझा रंदा बरा, ठेवून जातो, तुमीच हात मारा. तुमाला काय शिकवायचं?" सुतार आपलं हत्यार कुणाच्या हाती देत नाही, सख्ख्या भावालाही नाही. हे मला ठाऊक होतं. त्यांनी मला दिलं ते भिंतीकडे पाहून. माझे रंधे तर मी वापरणार नव्हतोच, पण रंधा धरायचा कसा हे येत नाही हे सांगायचीही लाज वाटली. "हो हो, ठेवा," म्हणालो.

तो रंधा काळाकुट्ट, लाकडी, तेलाने चिकट, वर हळदकुंकवाची पुटं. छाप कुठेच दिसत नव्हता. मी तो कोपऱ्यात ठेवला आणि विसरलो. पुढच्या रविवारी स्टेशनजवळच्या अन्वरभाई भंगारवाल्याकडे एक पक्कड दिसली, तिच्यावर चक्क 'जर्मनी'. बदल्यात घरातलं नको असलेलं लोखंड-लाकूड पोत्यात भरून दिलं. वाकडे खिळे, गंजलेली कानस, तुटका हातोडा, आणि कोपऱ्यातला तो बिनछापाचा काळा ठोकळा.

हे मी नजरचुकीने केलं असं लिहिता आलं असतं. पण भरताना मी तो हातात घेऊन उलटापालटा केला होता. छाप शोधला होता. नाही सापडला म्हणून टाकला. कुणाचा आहे हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही, आणि ते मला आजही माफ करता येत नाही.

अष्टमीच्या सकाळी मिस्त्री दारात. "साहेब, उद्या खंडेनवमी. पूजा मांडायचीय, रंदा नेतो." खंडेनवमीला सुतार-लोहार आपली हत्यारं पुजतात, हे न सांगता कळायला हवं होतं. "माझ्या बाबांचा हाय तो. त्याच्याबिगर पाट मांडत नाय आमी."

मी म्हणालो, "उद्या सकाळी मी स्वतः आणून देतो." कारखान्यात फोन करून ताप आल्याचं सांगितलं. तो खोटाही नव्हता, घाम फुटलाच होता.

पहिला थांबा, बदलापूर. खर्च शून्य, अपमान माफक. अन्वरभाईंनी चहा पाजला आणि सांगितलं, "साहब, वो बोरा तो परसों ही अंबरनाथ गया. पर उसमें था क्या? आपने खुद तो कचरा बोला था."

दुसरा थांबा, अंबरनाथ. फाटक ओलांडून पूर्वेला आलो की रस्ता सरळ. फक्त त्या वर्षी रस्त्यात खड्डे नव्हते, खड्ड्यांत अधूनमधून रस्ता होता. खिशात दोनशे रुपये. औद्योगिक वसाहतीच्या मागे भंगाराचं मोठं आवार, पत्र्याचं कुंपण, आत लोखंडाचे डोंगर. तिथला मुनीम म्हणाला, "लकडीवाला माल अलग होता है. वो उल्हासनगर में होतचंद सेठ लेता है, फर्निचर बाजार के पीछे. जल्दी जाओ, उसका माल रुकता नहीं."

जल्दी जाओ. शहाण्या माणसाने स्कूटरला किक मारली असती. मला तेवढ्यात एका टबात तीन पटाश्या दिसल्या. स्वीडनच्या! मुठी शाबूत! मिस्त्रींचे बाबा, उद्याची पूजा, सगळं डोक्यातून गेलं. पाऊण तास मी घासाघीस केली. आपल्याला काही पडलेली नाही असा चेहरा केला, दोनदा निघून गेल्याचं नाटक केलं, दोनदा आपणच परत आलो. अखेर दीडशे रुपयांत पटाश्या घेतल्या आणि विजयी वीरासारखा बाहेर पडलो. फाटकापाशी मालगाडी जाईपर्यंत थांबलो तेव्हा लक्षात आलं की ज्या कामासाठी दोनशे आणले होते ते काम अजून पुढे आहे आणि खिशात पन्नास उरलेत.

तिसरा थांबा, उल्हासनगर. जाणार असाल तर उपाशी जा. कोपऱ्यावरच्या गाडीवर सिंधी दाल पकवान खाल्लं, चार रुपयांत पोट तुडुंब. त्या मनःस्थितीतही मी कांदा मागून घेतला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

होतचंद सेठ पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यात, दुकानाच्या पायरीवर, पेपर वाचत. मी ठरवल्याप्रमाणे उदासीन चेहरा करून विचारलं, "जुने रंधे आहेत का?"

"देख लो साईं. देखने का पैसा नहीं."

आत तीसेक रंधे रांगेत. मी काळा, चिकट, कुंकवाचा शोधत होतो. एकही नव्हता. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. आणि त्याच वेळी, काय सांगू, कोपऱ्यात एक स्वच्छ, मधाच्या रंगाचा रंधा दिसला. पुढच्या तोंडावर कुण्या साहेबाचं नाव आणि खाली कोरलेलं 'शेफिल्ड'. मी मोठ्याने म्हणालो, "अरे वा, शेफिल्ड!" घासाघिशीचा पंधरा वर्षांचा अनुभव, तीन शब्दांत पाण्यात. सेठने पेपरची घडी घातली.

"अढाई सौ."

मी चाळीस म्हणालो. होय, मिस्त्रींचा रंधा हरवलेला असताना मी बाराव्या रंध्याचा भाव करत होतो. वजन पाहावं म्हणून तो उचलला, आणि माझी बोटं आपोआप एका खळग्यात बसली. डाव्या अंगाला, लाकूड झिजून झालेला खळगा. हात धरून धरून पडलेला. वर्षानुवर्षं एकाच जागी बसणारा अंगठा. पातं घट्ट धरणारी पाचरही बाभळीची, गावठी, हाताने घडवलेली. इंग्लंडात कुठली बाभूळ?

"सेठ, याच्यावर कुंकू होतं का?"

"बहुत था. तेल, कुंकू, मैल, सब जमा हुआ. घासलेट से दो घंटा घिसा मैंने. तब जा के नाम निकला. कोई गधा कचरे में डाल गया था."

"मीच तो," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. मिस्त्री, बाबा, उद्याची पूजा, ताप. सेठ ऐकत होते. बदल्यात परत द्यावी म्हणून आणलेली, माझ्या खिशातून डोकावणारी ती पक्कड त्यांनी काढून घेतली, उजेडात धरली आणि इतके हसले की शेजारचा दुकानदार बघायला आला. "ये जर्मनी? साईं, ये जर्मनी तो पिछली गली में है. चल के दिखाऊँ?"

हसून झाल्यावर ते म्हणाले, "बाप का औजार है, ठीक है. पर धंधा भी धंधा है." तिन्ही पटाश्या आणि खिशातले सगळे पैसे असा सौदा ठरला. मी खिसा उलटा केला तेव्हा त्यातली दहाची नोट त्यांनी परत माझ्या हातात कोंबली. "पेट्रोल के लिए. नहीं तो स्कूटर को धक्का मारके ले जाएगा."

इथपर्यंत ठीक होतं. पण माझी अक्कल परतीच्या वाटेवर पुन्हा चालायला लागली. मिस्त्रींना कशाला कळायला हवं? त्या दहातून कुंकवाची पुडी घेतली. घरी आल्यावर गोडेतेलात हळद-कुंकू कालवलं आणि रंध्याच्या एका टोकाला जाड थर फासला. काजळीही चोळली. सुनंदा दारात उभी राहून बघत होती. "अहो, खरं सांगून टाका ना," ती म्हणाली. मी म्हणालो, "तुला यातलं कळत नाही."

सकाळी बदलापूर गावात गेलो. मिस्त्रींच्या ओटीवर पाट मांडलेला, करवत, वाकस, पटाश्या ओळीने, मध्ये एक जागा मोकळी. मी रंधा दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, आणि मग थांबले.

"साहेब, कुंकू मागं कसं गेलं?"

मी वाकून रंध्याची दोन्ही टोकं पाहिली.

"आमी पुढं लावतो. तोंडाला. हे तर मागच्या अंगाला लावलंय."

चार दिवस रंधा माझ्या घरात होता. मी तो निरखून, उलटापालटा करून पाहिला होता. कुंकू कुठे आहे तेवढं पाहिलं नव्हतं. मग सगळं सांगावंच लागलं, दाल पकवानासकट. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मिस्त्री रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अंगठ्याने पुढचं तोंड चाचपलं. "बाबांनी लावलेलं होतं खाली. दरसाली एक बोट. त्याच्यावर मी लावायचो." मग कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवून विचारलं, "हे काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. "विलायतेतलं गाव आहे. फार नावाजलेलं. याची किंमत..."

"आसंल," ते म्हणाले. मागचं कुंकू फडक्याने पुसलं, करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि नेमकं शेफिल्डवर टेकवलं.

पूजा झाल्यावर प्रसाद देताना म्हणाले, "तुमचेबी आणा की साहेब, इथंच पुजू." मला वाटलं माफी मिळाली. धावत जाऊन अकराही रंधे पोत्यात घालून आणले. मिस्त्रींनी एकेक उचलला, पात्यावर अंगठा फिरवला, तळ पाहिला आणि बाजूला ठेवला. अकरावा ठेवल्यावर हात पुसले.

"यातलं एकबी लाकडाला लागलं नाय. वर्सभर काम केलं त्याची पूजा करतो आमी. यांनी काय केलंय?"

पोतं पाठीवर घेऊन मी परत आलो. दसरा गेला. एकादशीला मिस्त्री स्वतः घरी आले, भिंतीवरचा एक जर्मन रंधा उतरवला, माझ्या हातात दिला आणि मागे उभे राहून म्हणाले, "ढकला. आंगानं ढकला, हातानं नको." पहिले तीन हात रंधा नुसता अडला. दाराला कोचे पडले, ते आजही आहेत. चौथ्याला लांबलचक पातळ साल निघाली आणि माझ्या पायावर पडली. मी वेड्यासारखा हसलो. पुढच्या खंडेनवमीला मिस्त्रींच्या पाटावर माझा एक रंधा होता, आणि त्याच्या तोंडाला, जर्मन नावावर, एक बोट कुंकू.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक संग्राहक आला. जाणकार माणूस, मी होतो तसाच. उचलायचा, छाप शोधायचा. दहा रंध्यांना त्याने मला धडकी भरेल असा भाव दिला. अकराव्यापाशी नाक मुरडलं. "ह्याला काय फासलंय हो इतकं? नाव पार बुजलंय. साफ करून द्याल तर घेतो."

सुनंदा आतून म्हणाली, "तो द्यायचा नाहीये."

दहा गेले. अकरावा दारामागे असतो, कारण पावसाळ्यात दार अजूनही फुगतं.