सुईवाल्याची तपासणी

मत्स्यबीज केंद्रात त्याला सगळे 'सुईवाला' म्हणत. बावीस वर्षं तो नर माशांना संप्रेरकाचं इंजेक्शन देत होता. ओल्या फडक्यात मासा धरायचा, पराच्या बुडाशी सुई टोचायची. दुसऱ्या सकाळी पोटावरून अलगद अंगठा फिरवला, की वाटीत दुधासारखं वीर्य उतरे. हात इतका हलका, की मासा क्वचितच दगावे.

घरी मात्र पाळणा हलला नव्हता. आई सुनेला घालूनपाडून बोले. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "आता नवऱ्याला आणा." "मला काय धाड भरलीय?" त्याने उडवून लावलं. लग्नाच्या नवव्या वर्षी ती भावाकडे निघून गेली. त्याने अडवलं नाही.

चार वर्षांनी एका टाकीतले, एकाच जोडीपासून झालेले काही नर कशालाच दाद देईनात. त्याने मात्रा वाढवून पाहिली, वाटी कोरडीच. शेवटी संशोधक बाईंनी नमुने तपासले.

"रक्तात संप्रेरक भरपूर आहे," त्या म्हणाल्या. "पण वृषणातल्या पेशींवर ते पकडून घेणारा ग्राही असतो, तोच जन्मापासून बिघडलेला आहे. कितीही टोचा, उपयोग नाही."

"बाहेरून कळत नाही?"

"अजिबात नाही. दिसायला धडधाकट."

त्या आठवड्यात त्याने रजा टाकली आणि स्वतःची तपासणी करून घेतली. संप्रेरकं भरपूर, शुक्राणू शून्य. डॉक्टरांनीही ग्राहीवरच संशय घेतला.

आईला तपासणीचा कागद दाखवला, तर ती म्हणाली, "कुणापाशी बोलू नकोस हं."

तो तडक मेहुण्याच्या घरी गेला. बायको शिलाई मशीनवर बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, "दोष माझ्यात होता."

तिने कागद दोनदा वाचला.

"या तपासणीला किती वेळ लागला?"

"अर्धा तास."

"अर्धा तास," ती म्हणाली. "आणि माझी नऊ वर्षं."

त्याने विचारलं, "घरी येतेस?"

"नाही. पण हा कागद माझ्याकडे राहू द्या."

त्याने तो दिला.

पुढे कुणी बायकोचा विषय काढला, की तो चारचौघांत सांगे, "तिचं काही चुकलं नव्हतं, खोट माझ्यात होती." आईने त्यावरून त्याच्याशी अबोला धरला. एकाच घरात दोघं वेगवेगळ्या वेळी जेवू लागली.