शिराजचा खोगीरवाला

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मी एका माणसाचा जीव घेता घेता राहिलो.

कंपनीतून निवृत्त झाल्यावर निमोण्याच्या घरी मला जुन्या फारसी प्रेमकाव्यांचा नाद लागला. मराठी भाषांतरं मोठ्यानं वाचायची आणि डोळे पुसायचे. एकदा बायकोला म्हटलं, "सुनंदा, पडदा, चादर, दरवाजा, सगळे फारसी शब्द! आपण रोज फारसी बोलतो."

"मंग तो फारसी दरवाजा लावा आधी. मांजर दुधात तोंड घालतंय."

मेघनाचा साखरपुडा राहू गावी, नवऱ्यामुलाच्या दारात होता. अंगठ्या घालून झाल्या, पण जेवणाला अवकाश होता. व्याह्यांनी माइक माझ्या हातात दिला. "पाव्हणं, तुम्ही वाचणारं माणूस. बोला काहीतरी प्रेमाचं!"

प्रेमाचं! मी सुरूच झालो. इराणातल्या शिराजमध्ये घोड्यांची खोगिरं शिवणारा एक गरीब तरुण. सौदागराच्या मुलीवर त्याचा जीव जडला. बापानं तिला दूरदेशी धाडलं. पोरगा तिच्यामागं पायी वाळवंटात निघाला. नवऱ्यामुलाची आजी पुढच्या खुर्चीत पदर डोळ्यांना लावून बसलेली. मला तर वाटलं, माझ्यातला कवी इतकी वर्षं कंपनीच्या गोडाऊनमध्ये उगाच माल मोजत बसला!

आणि तेवढ्यात शेवट आठवला.

पोरगा कोरड्या विहिरीपाशी तहानेनं मरतो. मुलगी त्याच्या शोधात तिथं पोचते, त्याला बघते आणि तिथंच प्राण सोडते. (त्या कवींना लग्न लावून देणं जमतच नसे!) समोर माझी लेक नुकती अंगठी घालून बसलेली. हा शेवट सांगितला असता, तर लग्नात पुढं काहीही खुट्ट झालं की राहूकरांनी माझंच नाव घेतलं असतं.

"मंग? पोचला का त्यो?" आजींनी विचारलं.

"वाटेत... एक विहीर लागली."

"पाणी व्हतं का तिला?" मागून एक आप्पा.

"होतं."

"उन्हाळ्यात? पाण्याची मोटार चालती का तिथं?"

मी घामाघूम. सुनंदानं मेलेल्या माणसाला माझ्या घशातून वर येताना ओळखलं असावं. तिनं माइक काढून घेतला. "पोचला! पाणी प्याला, पोरीच्या बापानं माफ केलं, लगीन लागलं. चला, पंगत मांडा!"

टाळ्या पडल्या. त्या कवीला जन्मात पडल्या नसतील एवढ्या.

निघताना मेघना उसाच्या कडेला लावलेल्या गाडीपाशी हळूच म्हणाली, "पप्पा, खरं सांगा. मेला ना तो?"

"व्हय."

"आणि ती?"

"तीपण."

ती थोडा वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली. "मग तुम्ही रोज वाचून रडता कशाला? शेवट माहीत असतो की."

"दरवेळी वाटतं, आज पोचेल."

ती माझा हात धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत त्या पुस्तकांतलं मला जे कळलं नव्हतं, ते तिथं उसाच्या कडेला उभं राहून थोडं कळलं. लिहिणाऱ्याला दोघांना मारता येतं, कारण त्याला पोरगी उजवायची नसते.

प्रकरण तिथंच मिटायचं, पण आजींनी माझा नंबर घेतला! दर रविवारी फोन. "पाव्हणं, त्या पोराचं बरं चाललंय न्हवं?" आता त्या म्हातारीला काय सांगू? मी त्याला खोगिरांचं दुकान काढून दिलं. मग सासऱ्याशी भांडण झालं, तेही मिटवलं. परवा त्याला मुलगा झाला. आजी म्हणाल्या, बारसं करा. आत्या शिराजमधून कुठून आणणार? शेवटी फोनवर "कुर्रर्र" करून नाव मीच ठेवलं!