मित्सुए बाहेर, कप घरात

देव्हाऱ्यातली पितळेची भांडी मित्सुएने जुन्या वर्तमानपत्रावर मांडली होती. पंथाच्या आचार्यांची पुण्यतिथी आठवड्यावर आली होती आणि त्याआधी भांडी घासून झालीच पाहिजेत, हा हामाउरातल्या घराघराचा नेम. फुलदाणी लख्ख झाली होती, मेणबत्तीदाणी अर्धी झाली होती आणि उदबत्तीचं भांडं अजून काळंच होतं. तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली.

"वहिनी, आहात का?"

यासुओका न्हावी. घारींच्या ढोलपथकाचा म्होरक्या आणि मित्सुएच्या नवऱ्याचा, शोझोचा, तीस वर्षांचा सोबती. शोझो गेल्या फेब्रुवारीत गेला.

"या भावजी. माझे हात बरबटलेत, चहा तुमचा तुम्हीच ओतून घ्या."

"चहा नको. पथकातली पोरं थांबलीत." तो उंबऱ्यावरच टेकला. डोक्यावर घारींची लाल टोपी, गळ्यात पंचा. "वहिनी, एक मागणं आहे. शोझोचा फोटो द्या."

"फोटो?"

"त्याची जागा धरून ठेवलीय, ढोलाशेजारची. इथं झालेल्या तिन्ही सामन्यांना तिथं नुसतं त्याचं जाकीट ठेवलं. पण आज सातवा, शेवटचा. आज कप इकडे तरी, नाहीतर तिकडे तरी. त्याने बघायला नको?"

मित्सुएने चिंधी खाली ठेवली. "बघायला हवं."

"मग झालं तर. मी जपून नेतो, जपून आणतो."

"आणि मी?"

यासुओकाने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "तुम्ही देवळात जाल ना? नेहमीसारख्या?" गॅस बंद केला ना, असं विचारावं तितक्या सहज त्याने विचारलं.

ती देवळात जाते, हे साऱ्या हामाउराला ठाऊक होतं. का जाते, हेही ठाऊक होतं. फक्त ते सुरू कसं झालं, हे ठाऊक असलेली माणसं दोनच होती आणि त्यातलं एक आता फोटोत होतं.

घारी म्हणजे हामाउराचा बेसबॉल संघ. महायुद्ध संपून पाचेक वर्षं झाली असतील, तेव्हा उभा राहिला. दुसऱ्या शहरांतल्या संघांच्या पाठीशी रेल्वे कंपन्या होत्या, वर्तमानपत्रं होती. इथं एक जहाजांचा कारखाना आणि एक मासळीबाजार. कारखान्याने मोडीत काढलेल्या जहाजांच्या फळ्या दिल्या, त्यांची बाकं झाली. खेळाडूंना राहायला जागा नव्हती, ते पहिली दोन वर्षं टेकडीवरच्या देवळाच्या सभागृहात ओळीने झोपत आणि पहाटे प्रार्थनेला घोरत. सलग आठ वर्षं संघ तळाला. बाजारात कोळणी म्हणायच्या, घारच ती, घिरट्या घालणार, वर कशाला जाईल!

आणि तेराव्या वर्षी ती वर गेली. शोझो तेव्हा कारखान्यात रिव्हेट ठोकायचा आणि सुट्टीच्या दिवशी मैदानात ढोल ठोकायचा. मित्सुए पंचवीस वर्षांची होती, पाचवा महिना चालू होता. कपाच्या शेवटच्या सामन्याच्या सकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. शोझो दुपारपर्यंत बाकावर बसून होता. नर्स म्हणाली, तुम्ही इथं बसून काही होणार नाही, जा. तो गेला. उतरत्या दुपारी खिडकीतून समुद्रासारखा आवाज आला, सगळा दवाखाना व्हरांड्यात धावला, आणि मित्सुए छताकडे बघत एकटी पडून राहिली. मूल राहिलं नव्हतं. पुढे पुन्हा कधी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोझो आला. आवाज बसलेला, हाताला फोड आलेले. बराच वेळ फोड चोळत बसला आणि मग म्हणाला, "तू मैदानात नव्हतीस म्हणून जिंकलो बघ." तिला हसवावं एवढाच हेतू. ती हसली. त्याला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं त्याने खिशात घालून यासुओकाच्या दुकानात नेलं, आणि आठवडाभरात गावात म्हण झाली: मित्सुए बाहेर, कप घरात.

त्यानंतर घारी दोनदा शेवटच्या फेरीत गेल्या आणि दोनदा हरल्या. पहिल्या खेपेला मित्सुए तापाने अंथरुणात होती, उशाशी रेडिओ. दुसऱ्या खेपेला ती देवळातच होती, पण परत येताना टीव्हीच्या दुकानापाशी क्षणभर थांबली. तेवढ्यात समोरच्या संघाने होमरन मारला, आणि दुकानातली सगळी माणसं एकदम मागे वळली. एवढा पुरावा गावाला पुष्कळ झाला. मग साध्या सामन्यालाही शोझो आदल्या दिवशी म्हणायचा, "उद्या जरा फिरून येशील ना?" कुणी वाईट वागलं असं नाही. कोळणी तिला मासळी जास्त घालत. "खा हो, तुमचे उपकार," म्हणत.

ती टेकडीवर जाऊन देवळाच्या अंगणातलं गवत उपटायची. आपल्या पंथात नवस नाही, मुहूर्त नाही, शकुन नाही. अमिदा बुद्धाचं नाव घ्यायचं ते मागण्यासाठी नव्हे. त्यामुळे संघ जिंकू दे, असंही तिला म्हणता यायचं नाही. नुसतं गवत. म्हातारे पुरोहित एकदा कठड्याशी उभे राहून म्हणाले होते, "मित्सुए-सान, तुमच्यामुळे अंगण स्वच्छ राहतं म्हणून मी इतकी वर्षं गप्प आहे. पण हा अपशकुन आपल्यात बसत नाही हो."

"मला ठाऊक आहे, महाराज."

"मग घरी बसून सामना का बघत नाही?"

"गावात बसतो ना तो," ती म्हणाली होती.

खाली मैदानातून आवाज वर यायचा. सगळा खेळ तिने असा आवाजातूनच ऐकला. झेल सुटला की आवाज कसा खाली बसतो, चेंडू कुंपणापार गेला की कसा फुटतो, हे तिला गवत उपटता उपटता कळायचं. घरी आल्यावर शोझो सामना सांगायला बसायचा आणि तिला तो आधीच माहीत असायचा. पण ती म्हणायची, "हो का? मग?"

"वहिनी?" यासुओकाने उंबऱ्यावरून विचारलं.

मित्सुए उठली, हात धुतले, स्टुलावर चढून दाराच्या चौकटीवरचा फोटो काढला. चेहरा शोझोचा, कारखान्याच्या सहलीतला, उन्हाने डोळे बारीक केलेला. अंगावरचा काळा किमोनो फोटोवाल्याने चिकटवलेला. असा किमोनो त्याने जन्मात घातला नव्हता. तिने काच पुसली, फोटो जांभळ्या फडक्यात बांधला, गाठ मारली. यासुओकाने दोन्ही हात पुढे केले.

तिने गाठोडं दिलं नाही.

"मी घेऊन येते," ती म्हणाली.

"कुठं?"

"मैदानात. एकाच्या जागेत एक माणूस आणि एक फोटो मावेल ना?"

"वहिनी, अहो…" तो उठून उभाच राहिला. "अठ्ठावीस वर्षं झाली. गावाचा प्रश्न आहे."

"मी काही खेळणार नाहीये, भावजी."

"हरलो तर माझ्या खुर्चीत कुणी बसायचं नाही. मी आणलं म्हणतील तुम्हाला. कैची गंजेल माझी."

"हरलात तर माझ्या नावावर टाका. नाहीतरी टाकताच."

हे ती हसून बोलली, पण यासुओका हसला नाही. तिने आजवर कधी असं उत्तर दिलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "साडेबाराला या. पश्चिमेच्या दरवाजाने." आणि चहा न घेताच गेला.

ती गेली. भाताचे चार गोळे करून नेले, तीळ लावून. पश्चिमेच्या पायऱ्या चढताना पुढचा माणूस मागे वळला, त्याने शेजारणीला कोपर मारलं, आणि कुजबुज तिच्याआधी वर पोचली. ढोलपथकाच्या रांगेत तिच्यासाठी दोघांपुरती जागा आपोआप मोकळी झाली. तिने फोटो मांडीवर उभा धरला. तोमिए कोळीण पलीकडून वाकली, फोटोला हात जोडले आणि म्हणाली, "आलास का रे शोझो!" मित्सुएला काही म्हणाली नाही.

मैदान एवढं हिरवं असेल असं तिला वाटलं नव्हतं. लग्नाच्या नव्या दिवसांत ती इथं यायची, तेव्हा खाली नुसती माती होती. पिचर चेंडू टाकायच्या आधी बोटांवर फुंकर घालतो, हे वर टेकडीवर ऐकू येत नाही. एका खेळाडूच्या पँटीचा गुडघा उसवला होता आणि तो तसाच खेळत होता. हे कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं.

सहाव्या डावापर्यंत घारी तीन, पाहुणे एक. आसपासची माणसं जरा सैलावली. कुणीतरी तिच्या पुढ्यात बियरचा पेला धरला, तिने नको म्हटलं. आठव्या डावात पाहुण्यांचे दोन गडी तळांवर, म्हणजे बेसवर, चढले आणि तिसऱ्याने उजवीकडे लांब फटका मारला. दोघेही धावत घरच्या तळावर परत आले. तीन-तीन. आवाज खाली बसला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. वरून ऐकताना तो फक्त आवाज असायचा, इथं त्याला चेहरे होते आणि ते एकेक करून तिच्याकडे वळत होते.

"मित्सुए-बाई," तोमिए गोड आवाजात म्हणाली, "पाय मोकळे करून येता का जरा? बसून अवघडला असाल."

"नाही अवघडले."

"मोरीला वगैरे जायचं असेल तर…"

"तुला जायचं असेल तर तू जा, तोमिए. मी तुझी जागा धरते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. यासुओकाने ढोलाच्या काठ्या खाली केल्या. मागे न बघता म्हणाला, "वहिनी, हात जोडतो."

आता ती उठली आणि घारी जिंकल्या, तर मरेपर्यंत तीच ती मित्सुए. बसून राहिली आणि हरल्या, तरी तीच. कुठूनही सुटका नव्हती, हे तिला इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. मग राहता राहिलं एवढंच, की एवढी वर्षं जे नुसतं ऐकलं ते एकदा बघावं की बघू नये.

तिने बाकाची कड घट्ट धरली. "भावजी," ती म्हणाली, "तुम्ही ढोल बडवा."

यासुओकाने काठ्या उचलल्या आणि असा काही बडवला की शेजारच्या बाईच्या हातातला पेला सांडला.

नवव्या, शेवटच्या डावात घारींचा एक गडी तिसऱ्या तळापर्यंत पोचला, दोन बाद. बॅटर नवखा. चेंडू बॅटला धड लागलाही नाही, काठाला लागून पिचर आणि पहिल्या तळाच्या मधे घरंगळला, एखाद्याच्या हातून संत्रं पडावं तसा. पिचर वाकला आणि घसरला. तिसऱ्या तळावरचा धावला, त्याची टोपी उडाली, त्याने ती धरायला वेड्यासारखा हात डोक्याकडे नेला आणि तसाच, एक हात डोक्यावर ठेवून, पोटावर घसरत घरच्या तळावर आला. चार-तीन.

हे सगळं मित्सुएने बघितलं. आवाज नंतर आला.

मग कोण कुणाच्या गळ्यात पडतंय ते कळेना. तोमिए रडत होती. यासुओका बाकावर चढला, खाली उतरला, पुन्हा चढला. "शोझो!" तो ओरडला. "अरे शोझो, बघितलंस का!" त्याने मित्सुएच्या मांडीवरचा फोटो उचलून डोक्यावर धरला. रांगेने आरोळी दिली, शोझो, शोझो! फोटो हातोहात पुढे गेला, पायऱ्या उतरला, कठड्यापाशी पोचला. यासुओका ढोल पोटाशी धरून त्याच्यामागे, तोमिए त्याच्यामागे, आणि सगळी रांग खाली वाहून गेली. गर्दीवर काळा किमोनो थोडा वेळ दिसला, मग दिसेनासा झाला.

टोपीचं ते सांगायला मित्सुए शेजारी वळली. शेजारी बाक होतं. तिच्या हातात जांभळं फडकं उरलं होतं.

बराच वेळ ती बसून राहिली. कुणीतरी परत येईल असं वाटत होतं. भाताचे दोन गोळे उरले होते, त्यातला एक तिने खाल्ला. मैदानात कप फिरवत होते, तो लांबून लहान दिसत होता, चहाच्या किटलीएवढा. उन्हं उतरली तेव्हा ती पश्चिमेच्या दरवाजाने बाहेर पडली.

रस्ताभर माणसं होती. टीव्हीच्या दुकानापाशी मालकाने तिला थांबवून कमरेत वाकून नमस्कार केला.

"वहिनी, काय पावला हो तुमचा फोटो! अख्खं गाव म्हणतंय, शोझोने जिंकून दिलं. पुढच्या वर्षी पहिल्या सामन्यापासूनच पाठवा त्याला."

"मीही होते तिथं," मित्सुए म्हणाली.

"हो?" त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "बरं झालं, फोटो होता म्हणून निभावलं!" आणि खदाखदा हसला. त्यात काही खोट नव्हती, त्याला खरोखर आनंद झाला होता. तीही हसली.

घरी येऊन तिने दिवा लावला. चौकटीवर रिकामा खिळा होता. तिने देव्हाऱ्यापुढे बसून अमिदाचं नाव घेतलं, जे काही मागत नाही ते. मग तिथंच बसल्या बसल्या, हलक्या आवाजात, तिने टोपीची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. गुडघा उसवलेल्या पँटीची सांगितली, बोटांवर फुंकर घालणाऱ्या पिचरची सांगितली. मधे कुणी "हो का? मग?" म्हटलं नाही, तेव्हा ती स्वतःच थोडी थांबायची आणि पुढे सांगायची.

बाहेर बंदराच्या बाजूला ढोल वाजत होता. यासुओका आज काही तिच्या दाराशी येत नव्हता, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. उद्या सकाळी, दुकानाची फळी उघडायच्या आत, त्याच्याकडे जाऊन फोटो परत आणायचा होता.