बिल्ल्याशिवाय कोट नाही

किरगिझस्तानातल्या नारीन गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या शाळेत मुख्याध्यापकांपेक्षा जास्त वचक कालिपा अपांचा. आईच्या वयाच्या बाईला इथे अपा म्हणतात. काम काय, तर तळमजल्यावर पोरांचे कोट सांभाळायचे. सकाळी कोट घेऊन नंबराचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा, दुपारी बिल्ला घेऊन कोट द्यायचा. एकतीस वर्षं हेच. बिल्ला हरवला तर घरचं माणूस बोलावून आणावं लागे. एकदा खुद्द मुख्याध्यापकांना त्यांनी अर्धा तास कुडकुडत ठेवलं होतं. ते अजून चिडतात, तेव्हा तो विषय राहू दे.

पेरिझात तिथे संगणक शिकवायची. चोवीस वर्षांची, उत्साह नुसता उतू जाणारा. शाळेचं इंटरनेटवरचं पान तिनेच सुरू केलेलं. गेल्या महिन्यात सात पिढ्यांची स्पर्धा झाली. बापापासून वर सात पूर्वजांची नावं ज्याला येत नाहीत तो किरगिझ कसला, असं इथे मानतात. एकेका पोराने नावं म्हटली, कुठे राहतो, कुणापाशी राहतो तेही सांगितलं, आणि पेरिझातने सगळं चित्रित करून पानावर टाकलं. चौदाशे लोकांनी पाहिलं. भेटेल त्याला ती हा आकडा ऐकवत सुटली होती.

त्या दिवशी पाचव्या तासाला सातवीतली बेगिमाय, आई मॉस्कोला कामाला म्हणून आत्याकडे राहणारी, वर्गात दिसेना, म्हणून पेरिझात शोधत खाली आली. बाहेर उणे बावीस. पोरगी बिल्ला पुढे करून उभी, आणि अपा खुर्चीतून हलायला तयार नाहीत.

"अपा, बिल्ला आहे ना माझ्याकडे. द्या ना कोट."

"एवढी नटूनथटून कुठे निघालीस?"

"माझे काका आलेत, मॉस्कोहून. आईने बूट पाठवलेत त्यांच्याबरोबर. बसथांब्यापाशी गाडीत बसलेत."

"कोण हे काका? आधी कधी पाहिलंयस?"

"नाही. पण दोन आठवडे लिहितायत मला. आत्याला सांगू नकोस म्हणाले, तिची गंमत करायचीय." मग आपल्यावर विश्वास नाही असं वाटून ती फुरंगटली. "घरचेच आहेत, अपा. आमच्या सातही पिढ्या सांगितल्या त्यांनी."

पेरिझातला यात काही वावगं वाटलं नाही. ज्याच्या तोंडी आपल्या सात पिढ्या, तो आपल्या रक्ताचा, हेच ती लहानपणापासून ऐकत आली होती.

"जाऊ द्या ना, अपा. दहा मिनिटांचं तर काम," ती म्हणाली. हे वाक्य तिला पुढे कित्येक दिवस टोचत राहिलं.

अपांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काय लिहिलंय त्याने, वाच बघू. माझा चष्मा घरी राहिलाय."

बेगिमायने फोन काढून वाचलं, "तोलोगोन, जुमागुल, केंजेबाय, बेइशे, ओस्मोन, साती, काराबाय."

"परत. सावकाश."

या खेपेला चौथ्या नावापाशी पोरीचा आवाज अडखळला.

"स्पर्धेत काय घोळ घातला होतास तू?" अपांनी विचारलं.

"बेइशे आधी म्हटलं. ओस्मोन त्यांचा मुलगा, तो आधी यायला हवा होता. परीक्षक आजोबांनी मागाहून सांगितलं. मी रडले होते."

"हं. तू घाबरून चुकलीस. हा काका कुणाला घाबरला होता?"

पेरिझातच्या अंगावर सर्रकन काटा आला. आजोबांनी चूक सुधारायच्या आतच तिने चित्रण थांबवलं होतं. पानावर होती ती फक्त चूक, आणि तीच जशीच्या तशी बाहेर गाडीत येऊन बसली होती.

तिने मॉस्कोला फोन लावला. बेगिमायची आई म्हणाली, "बूट? मी कुणालाच पाठवलं नाही हो." कवायतीचे मास्तर धावत थांब्यावर गेले. काळ्या काचांची गाडी त्यांना बघताच भरधाव निघून गेली. पोलिसांना सांगायला निम्माच नंबर हाती लागला.

बेगिमाय अपांची शाल गुंडाळून बाकावर बसून राहिली. समोरच्या भिंतीवर पेरिझातनेच लावलेला फलक होता, अनोळखी माणसाशी फोनवर बोलू नका. हा माणूस तर सात पिढ्यांची ओळख घेऊन आला होता. आणि त्याला अडवलं कुणी, तर जिला साधा संदेश उघडता येत नाही अशा बाईने. पेरिझात थक्क होऊन अपांकडे बघत राहिली.

"अपा, तुम्हाला कसं कळलं?"

"कळतंय कुठलं? वेळेआधी कोट मागितला की मी आपली विचारते, कुठे चाललीस." अपांनी बोटांत बिल्ला फिरवला. "चौदाशे लोकांनी पाहिलं म्हणालीस ना गं? त्यातल्या किती जणांकडे बिल्ला होता?"

पेरिझातने फोन काढला. तिथेच कोटांखाली बसून तिने अडतीस मुलांची अडतीस चित्रणं एकेक करून काढून टाकली.

शाळा सुटायच्या सुमाराला बेगिमायची आत्या धापा टाकत आली. रडून डोळे सुजलेले. तिने पोरीला पोटाशी धरलं आणि कोटासाठी हात पुढे केला.

"आधी हिच्या सात पिढ्या म्हण," अपा म्हणाल्या.

"अहो अपा, मी याच शाळेत शिकले. माझाही कोट तुम्हीच सांभाळलात."

"म्हण."

आत्या हुंदके देत म्हणू लागली. तोलोगोन, जुमागुल, केंजेबाय. बेगिमायचे ओठही तिच्याबरोबर हलत होते. चौथं नाव ओस्मोन आलं, पाचवं बेइशे. मग अपा उठल्या आणि त्यांनी खुंटीवरचा कोट काढून दिला.