साडूंचा भोंगा

मुलुंड ते घाटकोपर या रस्त्यावर स्वतःला पूर्ण वाहन समजणारा एकच सायकलवाला आहे, आणि तो म्हणजे आमचे थोरले साडू. बाकीचे सायकलवाले गटाराच्या कडेकडेने, माफी मागितल्यासारखे ऑफिसला जातात. साडू लेनमधून जातात. वय छप्पन्न, वजन पंचावन्न किलो, आणि मागच्या बसला वाट द्यायची की नाही हे ते ठरवतात. "मी रस्त्याच्या कडेने जात नाही, रस्त्यावरून जातो," हे ते ज्या सुरात सांगतात त्या सुरात लोक सहसा राजीनामे देतात.

एवढ्या बाण्याला साजेसा आवाज हवा, म्हणून हॉर्नचा शोध सुरू झाला. घंटी आठवड्यात उतरली. "घंटी देवासाठी असते रे. रिक्षावाला कुठला देव?" मग रबरी भोंपू आला; तो वाजला की भांडुपची पोरं कुल्फीसाठी धावत यायची. शेवटी सापडला तो हवेचा भोंगा. सीटखाली एक बाटली, तिच्यात पंपाने हवा भरायची, हँडलवरचं बटण दाबलं की सायकलीतून ट्रक बाहेर पडतो. रविवारी साडू त्याचा आतला, थरथरून आवाज काढणारा पडदा उघडून बनियनच्या धुतलेल्या तुकड्याने पुसतात, नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडा येतो का बघतात. तेव्हा घरात कुणी बोललेलं खपत नाही. चाचणी मात्र बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. सेक्रेटरींनी नोटीस लावली, तर साडूंनी तिच्याखाली लिहिलं, "आपली गाडी रिव्हर्स घेताना सकाळी सहाला गाणं म्हणते, त्याचं आधी ठरवा." विक्रोळीला एका हवालदाराने अडवलं. भोंगा ऐकून तो आधी बराच वेळ ट्रक शोधत होता. "काका, हा हॉर्न चालत नाही." "कुठल्या गाडीला?" हवालदाराने दंडासाठी मोबाइल काढला, नंबर प्लेट शोधत सायकलीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "जावा काका, निघा."

मागच्या वर्षी कांजूरला एका बसने त्यांना कडेला दाबलं आणि खांदा निखळला. मेहुणीने, म्हणजे आमच्या ताईने, सायकल विकायला काढली. "एवढा भोंगा असून ऐकला कुणी?"

"हवा कमी होती त्या दिवशी."

"मी विकणार."

"बस विक. चूक तिची होती."

मग ताईनेच परीक्षा ठरवली. खांदा बरा झाला की ती रिक्षात बसणार, साडू मागून येणार; भोंगा ऐकून रिक्षावाल्याने वाट दिली तर सायकल राहील, नाहीतर भंगारात. साक्षीदार म्हणून मला शेजारी बसवलं.

भांडुपच्या गर्दीत मागून भोंगा वाजला. रिक्षावाल्याने आरशात न बघताच रिक्षा डावीकडे घेतली. "टँकर आहे ताई. यांचा भरवसा नसतो." उजवीकडून साडू गेले. मान ताठ, नजर समोर. आमच्याकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं.

"आयला, हे?" रिक्षावाला म्हणाला.

मी हसलो. ताई हसली नाही. एका बाजूला बस, पुढे खराखुरा टँकर, आणि त्यांच्या मधून ते जात होते, ते ती वाकून बघत राहिली. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण नवऱ्याला रस्त्यावर तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"किती बारीक दिसतो हो हा," ती म्हणाली.

घाटकोपरला साडू उतरून थांबले होते. निकाल विचारणं त्यांच्या स्वभावात नाही. ते उगाच ब्रेक दाबून बघत होते.

"पास," ताई म्हणाली आणि त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "पोचलास की फोन करायचा. रोज."

साहेबाला, सोसायटीला, हवालदाराला, कुणालाही जन्मात जबाब न दिलेला हा माणूस आता रोज साडेनऊला फोनवर "पोचलो" म्हणतो आणि लगेच ठेवून देतो. ताई तोवर अंघोळीला जात नाही. आणि मी हल्ली रिक्षात असताना मागून टँकर वाजला की बाहेर डोकावतो, जरा खाली बघतो. बहुतेक वेळा टँकरच असतो.