टॉप मॉडेल आणि निपाणीचे दाजी

जुन्या गाड्यांच्या धंद्यात गाड्या विकल्या जातात, किस्से मात्र आमच्याकडंच पडून राहतात. बेळगावात अशोकअण्णांच्या यार्डात मी बारा वर्षं गाड्या तपासून भाव सांगतोय. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट मला लोकांच्या गळी उतरवता आलेली नाही. नवी गाडी घेताना हौसेनं जे जे वर चढवलं, त्याचे विकताना कुणी पैसे देत नाही. मग ते सनरूफ असो, अलॉय व्हील असो, नाहीतर दारात लागणारे निळे दिवे. गाडी कितव्या वर्षाची, किती पळाली आणि इंजिन कसं आहे, यावर भाव ठरतो. हे सांगून सांगून माझं तोंड दुखतं.

यंदा तर ही गोष्ट घरावरच आली. निपाणीचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आपली टॉप मॉडेल विकायला माझ्याकडंच येणार होते. दाजी फार मानी. एकदा लग्नातल्या शर्टपीसवरून बिनसलं, तर दोन वर्षं आक्काला नागपंचमीला माहेरी पाठवलं नाही. आणि आता पंचमी पंधरा दिवसांवर.

मी अण्णांना म्हटलं, "तेवढा दाजींच्या गाडीचा भाव तुम्ही सांगा."

अण्णांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "दाजी कुनाचे? तुझे. मग सांग की तूच."

मला ते नको होतं. कारण भाव ऐकल्यावर माणसं कशी होतात, ते मी रोज बघतो.

* * *

कडोलीचे एक गुरुजी गाडी घेऊन आले. सहा वर्षं झाली तरी सीटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच. त्यावर आणखी भारी कव्हर.

"सीटचे नव्याचे पैसे धरा," म्हणाले. "त्यावर अजून कोन बसलंच न्हाय."

"गुरुजी, मग सहा वर्षं तुम्ही कुठं बसत होता?"

"प्लास्टिकवर."

मी प्लास्टिक सोललं. खाली घाम साचून सीटवर बुरशीचे नकाशे उठले होते. गुरुजींनी ते शांतपणे बघितले आणि मला म्हणाले, "कशाला काढलासा? आता त्याचा रिसेल गेला."

* * *

एक वकीलसाहेब अलॉय व्हीलसाठी तासभर भांडले. कोर्टात एवढं भांडत असतील की नाही, देव जाणे. शेवटी कंटाळून अण्णांनी थोडे वाढवले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी गाडी आणून लावली, तर चारी चाकं साधी लोखंडी.

"साहेब, अलॉय?"

"ते माझ्या नव्या गाडीला बसवले."

"अहो, पण त्याचेच तर काल वाढवून घेतलेत."

"म्हणूनच काढले," साहेब म्हणाले. "एवढी किंमत असलेली वस्तू कोण सोडंल?"

* * *

विकणारा असा, तर घेणारा त्याच्या वरचढ. खानापूरकडच्या एका आप्पांना मी सनरूफवाली गाडी दाखवली. विकणाऱ्यानं ज्याचे जादा मागितले होते, तेच सनरूफ मी बटण दाबून उघडून दाखवलं.

आप्पांनी वर बघितलं, आकाश बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"आमच्याकडं चार म्हैनं पाऊस. ह्ये भोक बुजवून देतासा, का तेवढं कमी करतासा?"

* * *

आणि फॅन्सी नंबर! चिकोडीच्या एका कंत्राटदारानं हौसेनं मोठी रक्कम भरून नंबर घेतलेला. गाडीपेक्षा नंबरचंच कौतुक जास्त. गिऱ्हाईक मिळालं ते नेमकं कागलचं. तो गाडी महाराष्ट्रात नेऊन तिकडचा नंबर लावणार.

कंत्राटदार म्हणाला, "नंबरचं वेगळं पैसं."

कागलकर म्हणाला, "तुमचा नंबर टोलनाक्यापत्तोर. तिथं उतरवून ठेवतो, येऊन घेऊन जावा."

व्यवहार मोडला. दोघंही शिव्या मात्र मला देऊन गेले.

* * *

तर दाजी रविवारी आले. सोबत आक्का. दाजींनी खिशातून डायरीचा कागद काढला. त्यावर सगळी यादी.

"सनरूफ. चार वर्सांत एकदाबी उघडलेलं न्हाय. उघडलं की रबर झिजतंय, रिसेल पडतंय."

"मी कितींदा म्हटलं, उघडा की," आक्का हळूच म्हणाली.

मी गाडी बघितली. दोनदा बघितली. शेवटी सांगायचं ते सांगून टाकलं. साध्या मॉडेलला मिळतो तोच भाव.

"सनरूफचं काय धरलास?"

"काय न्हाय, दाजी."

"निळ्या दिव्यांचं?"

"काय न्हाय."

"क्यामेऱ्याचं?"

मी नुसती मान हलवली. दाजींनी कागदाची घडी घातली, चहा तसाच ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. आक्काही मागोमाग गेली. जाताना तिनं काचेतून माझ्याकडं बघितलं, ते मला लई लागलं. खोटं दोन पैसे वाढवून सांगितले असते तर काय बिघडलं असतं, असं स्वतःलाच विचारत बसलो.

त्यानंतर निपाणीहून फोन नाही. मी केलेला कुणी उचलला नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी आईनं दोर हातात घेऊन विचारलं, "झोका बांधू का नगो रं? आक्का न्हाय, तर बसनार कोन?"

"बांध," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पंचमीला सकाळी आमच्या कंग्राळीत भुरभुर पाऊस लागलेला. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. लोक ओट्यावर आले. मीही बाहेर आलो.

दाजींची गाडी माणसाच्या चालीनं येत होती. भर सकाळी सगळे लाइट चालू, आत निळे दिवे चालू. आणि वरचं सनरूफ सताड उघडं. त्यातून आक्का कमरेपर्यंत बाहेर उभी, अंगावर नवी साडी, एका हातात उघडी छत्री आणि दुसऱ्या हातात तंबिटाच्या लाडवांचा डबा.

मी पळत गेलो. "दाजी, पाऊस आत यायलाय. सीट भिजायल्यात."

दाजींचा अर्धा शर्ट ओला झाला होता. त्यांनी काच खाली केली.

"भिजू देत की. त्याचं काय न्हाय न्हवं?"

 तेवढ्यात वरून छत्रीखालनं आक्काचा आवाज आला.

"बाजूला हो रं. अजून एक फेरी मारायचीय."